विनंती थांबा

सहा किलोमीटरचा एक टप्पा.
अकरा वर्षं पांढरकवडा डेपोत तिकिटं फाडतेय,
माझं सगळं गणित टप्प्यांतच चालतं.
नागपूर पंचवीस टप्पे, साडेतीन तास.
हिंगणघाटात ड्रायव्हरचा चहा लांबला तर चार.

मोनालीनं मोबाइलवर दाखवलं :
नागपूर ते बंगळूर, हवाई अंतर नऊशे तीस,
वेळ एक तास पंचेचाळीस मिनिटं.
मी मनातच भागलं. एकशे पंचावन्न टप्पे,
आणि मधे कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही.
"मंग कंडक्टर काय करते वो तिथं?"
"पाणी देते," ती म्हणाली.

दारावर बंदूकवाल्यानं कागद मागितला.
कागद एकीचाच होता.
जवसाची चटणी यंत्रातून पार झाली,
लोणच्याची बरणी मात्र काचेपलीकडून परत आली,
ती घेऊन मी चिंचभुवनला हात दाखवला
आपल्याच गाडीला, पाशिंजर म्हणून.

सहा पन्नास. बुटीबोरी.
ट्रकांच्या रांगेत गाडी इंचाइंचानं सरकत होती
तेव्हा मायचा फोन आला :
"आत्ता एक दिवा गेला घरावरून. लाल. उघडझाप करत.
थेच होय का आपली पोरगी?"
"असंन."
"मंग घरावरूनच जात होती तं
मिनिटभर उतरवली काहून नाही?"
"विमानाले विनंती थांबा नसते, माय."

आमच्या फाट्यालाही नव्हता.
भर उन्हात गाड्या धूळ उडवत निघून जायच्या,
बाळंतीण असो की परीक्षेची पोरं.
तीन अर्ज गेले. चौथा मोनालीनं लिहिला, नववीत असताना,
खाली बेचाळीस सह्या, एकोणीस अंगठे,
आणि "आपली विश्वासू"च्या खाली ओढलेली जाड रेघ.
दोन वर्षांनी पत्र्याची पाटी लागली.
पाटीवर गावाचं नाव चुकलंय,
पण गाडी थांबते.

सव्वाआठ. हिंगणघाट. चहा लांबला.
मोबाइल थरथरला : पोचली. इथं थंडी आहे. तू?
मी लिहिलं, हिंगणघाट.
तिनं हसरा चेहरा पाठवला,
मग बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली
आणि काहीच पाठवलं नाही.

वडनेर. वडकी. करंजी.
मांडीवरची बरणी आता माझ्याइतकीच कोमट.
पांढरकवड्याला अर्धी गाडी उतरली,
नवा कंडक्टर पोरगा पेंगायला लागला.
फाट्याआधीचं कडुनिंब दिसलं
तसा माझाच हात सवयीनं दोरीकडं गेला.
एक घंटी.

माय पाटीखाली उभी, बॅटरी घेऊन,
उजेड वर धरलेला.
बरणी पाहून काही बोलली नाही.
बांधावरून चालताना म्हणाली,
"मघाशी आणखी एक गेलं.
इकडं येनारं होतं थे."