गोड्या पाण्यातलं बंदर

खडकवासल्याच्या धरणाखाली, शेड नंबर सहामध्ये
मी समुद्राचा तळ लिंपतो.
एकतीस वर्षं झाली. हुद्दा : गवंडी.
खरा समुद्र पाहिला दोनदा.
एकदा अलिबागला, ऑफिसच्या सहलीत,
एकदा मेहुण्याच्या लग्नाला जाताना, तोही एसटीच्या खिडकीतून.

नकाशा येतो. त्यावर खोलीचे आकडे, सांडलेल्या मुंग्यांसारखे.
पत्र्याचे साचे उभे करायचे, मधे मुरूम ठोकायचा,
वरून सिमेंटचा हात.
वीस मीटर पाणी म्हणजे माझी एक वीत, वर बोटभर.
चारशे मीटरचं जहाज आमच्या उंबऱ्याएवढं.
भरती आणि ओहोटी मिळून सोळा-सतरा मिनिटं;
बशीतला चहा निवेपर्यंत
तिकडे अर्धा दिवस उलटलेला असतो.

ह्या वेळचं बंदर सगळ्यांत मोठं.
देवस्थळी मॅडम म्हणाल्या, दांगट, हे उभं राहिलं
की अख्ख्या पट्ट्याचं नशीब पालटेल.
मला पटलं. खोटं कशाला बोलू?
धाकटा माझा चाकणला गिअरबॉक्स पेटीत बसवतो.
म्हणतो, माल तयार असतो, धक्क्याला जागा नसते,
कंटेनर पाच-पाच दिवस रांगेत उभे
आणि ओव्हरटाइम कापतात आमचा.
म्हणून धक्क्याची कड मी जरा जास्तच घोटली,
आरशासारखी.

मग एका मंगळवारी त्या किनाऱ्यावरची माणसं आली,
दोन गाड्या भरून, रात्रभर प्रवास करून.
साहेबांनी काठीने दाखवलं : ही लाट-भिंत, हा जहाजांचा मार्ग,
ह्या एवढ्या नोकऱ्या.
नोकऱ्या मॉडेलमध्ये नव्हत्या, त्या भिंतीवरच्या तक्त्यात होत्या.

हारकूबाई तामोरे नावाची एक बाई
चपला काढून काठावर बसली, देवळात बसावं तशी.
पाण्यात बोट बुडवलं. जिभेला लावलं.
"गोडं हाय," म्हणाली. "ह्याला काय कळणार?"

कुणी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, लाटेला चव लागत नाही, मावशी.
"लाटेला नसंल. माशाला लागते."
मग तिने सरळ माझ्याकडे पाहिलं,
माझ्या हातांकडे, नखांतल्या सिमेंटकडे.
"आमचं खडप कुठं हाय?
शेवंडांचं बाळंतघर हाय ते. तू तर सगळं सपाट केलंस."

नकाशात नव्हतं, बाई.
हे मी मनातल्या मनात म्हणालो.

मॅडमनी पेन काढलं. किती खोल?
"ओहोटीला अडीच वाव."
कुठून मोजायचं?
"देवळाचा कळस आणि तो एकटा ताड एका रेषेत आले की थांबायचं."
आमच्या शेडमध्ये देऊळ नव्हतं. ताडही नव्हता.
तिने दोन खुंट्या मागितल्या, डोळे मिटले,
मग उघडून एक इथे, एक तिथे रोवायला लावली
आणि दोन्हींच्या रेषेत बोट धरलं.
बोट नेमकं जहाजांच्या मार्गात आलं.

संध्याकाळी पाणी उतरवलं आणि मी खडप बांधलं.
तीन बोटं पाण्याखाली, खडबडीत, फटीफटींचं,
हातानेच. थापी लावली नाही.
दुसऱ्या दिवशी भुसा सोडला तर
भुसा त्याच्यापाशी घुटमळला, वळला,
काही कण फटींत जाऊन बसले
ते पुढच्या भरतीलाही बाहेर आले नाहीत.
मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.
मग वहीत काहीतरी लिहिलं.
अहवालात ते गेलं की नाही, मला माहीत नाही.
अहवाल माझ्यापर्यंत येत नाहीत.

धाकटा जेवताना विचारतो, बंदर कुठवर आलं?
मी म्हणतो, झालं रे, मागेच झालं,
आता फक्त समुद्रात बांधायचं राहिलंय.

दिवाळीनंतर शेड रिकामी करायचा हुकूम आला. दुसरी खाडी यायची होती.
दोन दिवसांत घणाने सगळं फोडलं :
भिंत, धक्का, वीतभर खोल तो मार्ग.
खडप राहिलं शेवटाला.
पोरं घामाघूम झाली, म्हणाली, दांगटकाका,
ह्यात माल काय घातला होता?

काय सांगणार.
घोटायचं नव्हतं, तर सिमेंटच जरा जास्त पडलं.