सात वाजताचं माप

रात्रभर रेडिओवाला एकच सांगत होता,
ईशान्येचं वादळ आहे, रेघ कुठे बसेल ते सांगता येत नाही.
रेघेच्या वर बर्फ, खाली पाऊस,
ऐन रेघेवर जे असतील
त्यांच्या वाट्याला दोन्ही.

मी वर.
रेजां खाली, मेनच्या किनाऱ्यावर, नव्वद मैलांवर.
आईच्या घराचं काय करायचं, एवढ्या एका प्रश्नावरून
अकरा वर्षं खाली.

सात म्हणजे सात.
गाऊनवरच कोट, पायात आर्मांचे बूट
(तो गेला, बूट राहिले; दोन जोड मोजे घातले की होतात),
कुंपणामागे पांढरी फळी, दोन फूट बाय दोन,
तिच्यावर रात्रीचा सगळा ऐवज.
पट्टी सरळ खुपसायची.
तिरकी गेली की बर्फ फुगतो,
आणि फुगवलेला बर्फ आर्मांला खपत नसे.

अकरा इंच.
मधे बोटभर थर करकरीत:
दोनच्या सुमाराला केव्हातरी रेघ
आमच्या टेकडीवर चढून डोकावून गेली असणार.
ऐकलं होतं मी. काचेवर कुणी मुठीमुठीनं तांदूळ मारावेत
तसं वाजलं,
मी कूस बदलली.

मग पत्र्याचं नळकांडं आत आणायचं.
चुलीवर नाही. नवीन पोरांना हेच आधी सांगते, चुलीवर नाही,
वाफ उडून जाते, आणि उडालेल्या वाफेचा हिशेब
मागणार कुणाकडे?
मोजून कोमट पाणी ओतायचं, ढवळत राहायचं,
ओतलेलं तेवढं शेवटी वजा.

उरतं ते बोटभर पाणी.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं.
शाळा बंद, गाड्या गाडलेल्या,
लोबेलच्या गोठ्याची एक बाजू बसलेली,
आणि एवढंच?
एक इंच चौदा शतांश.

साडेसातला फोन. नमस्कार-चमत्कार नाही.
त्याच्याही अंगणात आर्मांनंच बसवलेलं भांडं आहे,
आणि आम्हा दोघांत
आकड्यांवरून भांडण अजून व्हायचं होतं.

"किती?"
"अकरा. पाणी एक चौदा. तुझं?"
"एक सतरा. नुसता पाऊस. धक्क्यावरचे शेवंडांचे पिंजरे गेले.
माझे नाहीत, गान्येच्या पोराचे."
"तीन शतांश जास्त कसे?"
"तुझं भांडं कललंय."
"तुझ्यात समुद्राचे शिंतोडे उडतात."

यावर तो हसला की खोकला,
फोनवर कळलं नाही.
फोन ठेवायची वेळ झाली होती. ठेवला नाही.
त्याच्या मागे पागोळ्यांचा आवाज येत होता,
माझ्या मागे काहीच नाही,
बर्फ पडून गेल्यावर असतं ते काहीच नाही.

"तिकडे काय पडलं असेल?"
तिकडे म्हणजे कुठे, हे त्यानं सांगितलं नाही.
पंचेचाळिसाव्या मैलावर, पाइनच्या रांगेमागे,
आठ वर्षांपूर्वी टपालपेटीसुद्धा पडली तिथली.
तिथे कुणी मोजत नाही.

"दोन्ही," मी म्हटलं.
"आधी?"
"आधी बर्फ. त्यावर पाऊस."

आम्ही दोघं गप्प. दोघांनाही ठाऊक,
असा बर्फ वाहून जात नाही,
पाणी पिऊन जागच्या जागी जड होत बसतो,
आणि स्वयंपाकघरावरची ती तुळई
बाबांनी स्वस्तात आणलेली.

"रात्री परत गोठणार म्हणतात," तो.
"म्हणतात."
"फावडं आहे माझ्याकडे."
"शिडी माझ्याकडे."

नोंदवहीत दिवसाचे आकडे भरले.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पहाटे गारांचा थर, वारा पडला.
बाकीचं लिहायला त्यात जागा नसते.

नांगरगाडी अजून वळणापर्यंत आलेली नाही.
शिडी एकटीला ट्रकवर चढत नाही,
एक टोक चढवून ठेवलंय, दुसरं बर्फात.
बूट काढलेले नाहीत.