जाळीवरचा नारळ

पहाटे साडेचारला मी समुद्राची चव मोजते.
यंत्राने. जिभेने मोजायचे ते माझे आजे,
पालशेतच्या खाडीत बोट बुडवून, चोखून,
भरती कुठवर चढली ते सांगायचे.
इथे मुहर्रकला आकडा येतो: हजारात चव्वेचाळीस.
घरच्या दर्यापेक्षा आठ जास्त.
आईला सांगितलं तर म्हणाली,
मग आमटीत मीठ बेतानं घाल.

आखात उथळ आहे.
कुणी परातीत पाणी ओतून उन्हात ठेवावं
आणि विसरून जावं, तसं.
त्या परातीला आमच्या कारखान्याने तोंड लावलंय:
चार जाळ्या, दोन पंप, आणि पलीकडे
अख्ख्या शहराचे नळ.

जाळ्या शफीकुल झाडतो. यादी मला देतो.
जेलीफिश, अडीच टब.
समुद्रगवत, एक पोतं.
चप्पल, डावी.
एकदा पाणसाप होता, जिवंत,
तो त्याने काठीवरून असा उतरवला
जसं झोपलेलं मूल खाली ठेवतात.
सगळ्याची नोंद मी एकाच रकान्यात करते: कचरा.

धक्क्यावर खलफ गळ टाकून बसलेला असतो.
त्याचा बाप मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
तो म्हणतो, आमच्यात तहान लागली तरी माणूस बुडीच मारायचा.
मला वाटलं, थट्टा.
पण समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते,
आणि बाप कातड्याची पखाल घेऊन खाली जायचा,
झऱ्याच्या तोंडावर तिचं तोंड दाबून धरायचा,
भरली की कवेत घेऊन वर यायचा,
एवढ्या खाऱ्यातून एवढं गोडं.
झरे कधी आटले?
खलफने गळ वर ओढला. रिकामा.
"पाणी काय सांगून जातं, मुली?"

फेब्रुवारीत नमुन्यांसाठी दक्षिणेला गेलो,
तेव्हा समुद्रगाई दिसल्या.
शंभराच्या पुढे मी मोजणं सोडलं.
नावाड्याने इंजिन बंद केलं
आणि चहूकडून तो आवाज आला, फुस्स, फुस्स,
रात्री गोठ्यात कंदील नेल्यावर येतो तो.
पिल्लू आईच्या पाठीला चिकटून.
खाली, हिरव्या उजेडात, त्या चरत होत्या
ते गवत, जे मी रोज पोत्याने कचऱ्यात लिहिते.

सोमवारी जाळीवर नारळ आला.
सोडणासकट. एका बाजूला शेवाळ,
दुसऱ्या बाजूला कालवांची खपली, देवीच्या व्रणांसारखी.
शफीकुल म्हणाला, हा भोल्याचा, आमच्या बेटावरचा.
पंपावरचा जोस म्हणाला, छे, आकार बघ, कोल्लमचा.
खलफ म्हणाला, कुठल्यातरी जहाजावरच्या खानसाम्याने फेकलेला.

मी प्रवाहांचा अभ्यास केलेली बाई.
मला माहीत आहे, नारळीपौर्णिमेला
माझा भाऊ रघुवीर नाळेवरून जो नारळ सोडतो
तो इकडे येत नाही.
श्रावणात दर्या तिकडेच ढकलतो,
तो नारळ फार तर दोन गावं पुढे जाऊन
कुणाच्या तरी सोलकढीत पडत असेल.
तरी मी म्हणाले: आमचा.

इथून तिकडे मात्र जातं.
होर्मुझच्या चिंचोळीत वरून हलकं पाणी आत शिरतं
आणि तळातून जड, खारं, बाहेर पडतं;
बाहेर खोल समुद्रात दोनशे-तीनशे मीटर खाली उतरतं
आणि तोंड न दाखवता अरबी समुद्रभर हिंडतं.
गोडं काढून घेतल्यावर उरलेलं मीठ
आम्ही रोज परत सोडतो, त्यातलंही थोडं.
कधीतरी, रघुवीरच्या होडीच्या बऱ्याच खालून.
त्याला कळायचं कारण नाही.

खलफने नारळ कानाशी धरून हलवला.
मग शफीकुलच्या कानाशी. मग माझ्या.
पाणी वाजत होतं.

कोयता जोसच्या खोलीत होता,
आणायला कुणी उठलं नाही.
सहाला पाळी बदलली. मी यादी पुरी केली:
जेलीफिश, एक टब.
गवत, अर्धं पोतं. खाली रेघ मारली,
आणि रकाना सोडून, समासात:
नारळ, एक. पाण्यासह.