करंजवेल, तालुका करंजवेल

वेशीवरच्या पाटीवर अजून २००१चाच आकडा:
लोकसंख्या १९,६१२.
युनूस पिंजाऱ्याने पाटी दोनदा रंगवली,
दोन्ही वेळा जुन्याच रेषा गिरवल्या.
'नवा दिन्हा ते लिखसू,' म्हणाला.

मी नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसते.
डावीकडे हिरवं रजिस्टर, उजवीकडे निळं,
मधे डिंकाची बाटली.

कपाटाच्या तळाशी १८८१ची खानेसुमारी आहे,
वाळवीने कडा खाल्लेली.
साळी, रंगारी, तेली: घरटी मोजलेले,
नदीपल्याडचे भिल्ल 'सुमारे दोनशे'.
माझं आडनाव मालचे.
म्हणजे पणजोबा त्या 'सुमारे'त कुठेतरी
बसले असणार, विडी ओढत.

१९११ला आकडा धाडकन खाली येतो.
प्लेगात सगळे मळ्यांत झोपड्या घालून होते,
मोजणारा आला तर दारोदार कड्या.
समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: श्वान १.

रेल्वे सात कोसांवरून गेली.
शिट्टीने म्हशी दूध चोरतील, देशमुख म्हणाले म्हणे.
तिकडे आज जंक्शन आहे.
इकडे म्हशी.

मग जिन आली, वस्ती फुगली,
सरकीच्या ढिगावर पोरं मोठी झाली.
जिनचा भोंगा थांबला त्या वर्षी
सुरतेच्या गाडीला टपावरही जागा नव्हती.
उधन्यात एक आख्खी गल्ली आता आमची आहे.
तिथली बाळं तिथे जन्मतात,
माणसं तिथेच जातात,
माझी दोन्ही रजिस्टरं बारीक होत चालली.

काल एक जोडपं आलं, कानबाईसाठी उतरलेलं.
कडेवर चार महिन्यांचं पोर.
'दाखला आठलाच द्या ना ताई, आठलाच शे तो.'
नियम असा की जन्म जिथे, नोंद तिथे.
मी नियम सांगितला.
आजी बाकावर बसली होती,
तिने पिशवी सोडली, गहू दाखवले:
रोटाचे, घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ.
'याना बी टाकेल शे,' म्हणाली,
आणि गाठ मारून उठली.

बायकांची मूठ टाकत नाहीत.
विचारायचं राहून गेलं.
खिडकी बंद करून घरी जाताना
पाटीखाली सुरतेच्या अकरा बसेस उभ्या,
पोरं टपावरून सामान फेकत होती,
खालून कुणी झेलत होतं, मोजत होतं:
सात, आठ, ती निळी कुणाची, नऊ