खताच्या खड्ड्याची पाळी

केएमटीत सत्तावीस वर्षं टाइमकीपर होतो,
म्हणून फुलेवाडीच्या बागेतली पाळीची वही
कुणी न विचारताच माझ्या मांडीवर आली.
बावीस वाफे, बावीस घरं,
मधल्या वाटा कुणाच्याच नाहीत.
हरळीला हे बरोबर कळतं.
ती आधी वाफ्यात शिरत नाही,
वाटेवर पसरते, जिथं प्रत्येकजण
दुसऱ्याच्या खुरप्याची वाट बघत असतो.

म्हणून रविवार. सात ते नऊ.
स्वतःच्या वाफ्याकडं बघायचंसुद्धा नाही.
मुजावर भाभींनी पाट उपसायचा,
खोतांच्या आक्काताईंनी कुंपणाची तार आवळायची,
तहसीलदारांच्या मेघनानं टाकीतलं शेवाळ,
आणि रवळू सुतारानं
कुदळीच्या दांड्याबद्दल फक्त वचन द्यायचं.
न आल्यास वीस रुपये, बिस्किटाच्या डब्यात.
त्याच डब्यातून चहा आणि भडंग येतं,
त्यामुळं गैरहजर माणसाबद्दल
आमच्या मनात थोडी कृतज्ञताही असते.

खताचा खड्डा मात्र कुणी मागून घेत नाही.
चिठ्ठ्या टाकल्या तर चिठ्ठी हरवते.
तरी दर रविवारी बघावं तर
खड्डा खालीवर केलेला,
वर ओल्या पोत्याचं पांघरूण, चारी कोपऱ्यांवर दगड.
‘कुणी केलं?’
सगळे वांग्यांकडं बघू लागतात.
पहिल्या आठवड्यात मी रवळूचं नाव घातलं,
तो नाही म्हणाला नाही.
दुसऱ्या आठवड्यात भाभींचं;
‘आमच्या ह्यांनी केलं असंल,’ म्हणाल्या.
तिसऱ्या आठवड्यात माझं.
निळी शाई, सुवाच्य अक्षर.
उशिरा आलेली एकही गाडी मी
कधी वेळेवर दाखवली नव्हती.

वाफा नंबर चौदा, भूपाल चौगुले.
चार रविवार गैरहजर.
‘गवारी न्यायला बरं येतंय,’ आक्काताई म्हणाल्या.
मी लाल पेनानं लिहिलं: ऐंशी.

मग एका बुधवारी कळलं, शेडची किल्ली
कुलपालाच राहिली असणार.
साडेपाचला गेलो, उजाडायचं होतं.
खड्ड्याच्या काठावर सायकल आडवी,
नाकाला टॉवेल बांधून चौगुले वाकलेला.
दाताळं मारायच्या आधी तो
ओंजळीनं गांडुळं उचलून बाजूला ठेवत होता,
एकेक करून, मोजत असल्यासारखी,
आणि खड्ड्यातून वाफ निघत होती
गुऱ्हाळाच्या काहिलीतून निघावी तशी.
मला बघून तो ओशाळला.
मी जास्त.

‘रविवारी लई बोलत्यात सगळी,’ तो म्हणाला,
‘मला बोलाय येत न्हाई.’

मी घमेल्याचा दुसरा कान धरला.
किती फेऱ्या झाल्या, लिहून ठेवल्या नाहीत.
मध्ये एकदाच तो बोलला,
‘खाली सावकाश ठेवा. हायत अजून.’

रविवारी वही उघडून
माझ्या नावावर रेघ मारली, मोठ्यानं वाचून.
भाभींनी त्यांच्या नावावर मारायला लावली.
रवळूनं पेन हातातून घेतलं
आणि दांडा पुढच्या आठवड्यात नक्की, असंही म्हणाला.

सव्वानऊला, चहा होत आला तेव्हा, चौगुले आला.
कुणाकडं न बघता डब्याचं झाकण काढलं,
वीसच्या चार नोटा, घड्या न मोडता, आत.
‘अहो, नको,’ आम्ही सगळेच.
‘रविवार म्हंजे रविवार,’
म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकली.

भडंगाच्या कागदाला बराच वेळ
कुणी हात लावला नाही.
मग मुजावर भाभी म्हणाल्या,
खावा की, मऊ पडंल.