उद्या ये

पुण्याहून भाचा आला लॅपटॉप घेऊन.
मिरचीच्या पोत्यावर रुमाल अंथरून बसला
आणि म्हणाला, मामा,
आपलं तिखट जर माणूस असतं
तर कसं असतं?

मी म्हटलं, माणूस असतं तर
आधी पगार मागितला असता.

तो हसला नाही. तक्ता उघडला.
वय किती? कपडे कुठले?
पहिल्या पंगतीला बसतं की शेवटच्या?
मोठ्यानं बोलतं की कानात?
विशेषणं द्या, म्हणाला, नेमकी चार.
'दर्जेदार' नको, ते सगळेच म्हणतात.
'घरगुती' तर मुळीच नको.

संकेश्वरात आमच्या एका ओळीत
तिखटाची अकरा दुकानं.
अकरांच्या पाकिटावर लाल मिरची,
सातांवर शिवाय मिशीवाला पैलवान.
आमच्या पाटीवर वर मोठं कन्नड, खाली बारीक मराठी,
दोन्हीत 'कणगलेकर',
मराठीतला 'ण' एका पायानं लंगडा.
हेच आपलं व्यक्तिमत्त्व, मी म्हटलं, मिटव ते.

तेवढ्यात निपाणीचं गिऱ्हाईक आलं.
लग्नाचं तिखट, वीस किलो, रोख.
सत्तेव्वा कोपऱ्यात देठं खुडत बसलेली.
ती उठली, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला,
तळातली एक मिरची काढून
कानाजवळ हलवली.
वाळली मिरची खुळखुळ्यागत वाजते.
ही गप्प.

'ओली हाय. आज कांडायची न्हाय.'
'चालतंय की, द्या तशीच.'
'नाळे बा,' ती म्हणाली,
आणि त्याला कळलं नाही बघून, मराठीत,
'उद्या ये की. लगीन काय पळून जाऊलंय?'

वीस किलोचे पैसे
पायऱ्या उतरून हायवेकडं गेले.
मी गल्ल्यावर नुसता हात ठेवून.

भाच्याची बोटं थांबलेली.
मामा, हिचाच फोटो लावू पाकिटावर!
सत्तेव्वा परत देठांकडं वळत म्हणाली,
'माझ्या तोंडावर माल खपला असता
तर नवरा कशाला सोडून गेला असता?'

रात्री मी तक्ता घेऊन बसलो.
चार रकाने. पहिल्यात लिहिलं, खोडलं.
आठवला तो एक चैत्र, माल फिका निघालेला,
आणि माळ्यावरचा रंगाचा डबा.
एकाच पोत्यात घातला होता मी. चिमूटभर म्हणा.
सत्तेव्वानं पोतं हुंगलं होतं,
काही बोलली नव्हती.
त्या दिवशी फक्त माझ्या हातचा चहा घेतला नव्हता.

आपलं तिखट माणूस असतं
तर ते मी नसतो,
एवढं एकच नक्की लिहिता आलं.
भाचा म्हणाला, हे विशेषण नाही, मामा.

नवं पाकीट पांढरं केलं. मिरची नाही, मिशी नाही.
मधोमध दोनच शब्द, दोन्ही लिप्यांत, सारख्या उंचीचे:
उद्या ये.
गोकाकचा छापखानेवाला चष्मा वर करून म्हणाला,
गिऱ्हाइकाला परत जा म्हणून कोण छापतं?
आणि कन्नडात तर हे भुतासाठी असतंय,
दारावर खडूनं लिहितात.
भूत येतं, वाचतं, बरं म्हणून जातं,
रोज येतं, रोज वाचतं.

मला माहीत नव्हतं.
मी म्हटलं, मग छापाच.

आता दुकानात पाकिटं टांगलीत ओळीनं,
तोंडं रस्त्याकडं.
लोक वाचतात, हसतात, काही आत येतात,
काही जातात पैलवानाकडं.
एकच पाकीट मी
गल्ल्याच्या वर लावलंय उलटं,
तोंड माझ्याकडं करून.