पुढच्या वर्षी

आमच्याकडे नावात वार असतो, गाव नसतं.
आजी लादी, म्हणजे रविवारची.
तिची थोरली तालातू, मंगळवारी झालेली,
चाड सरोवराच्या कडेला, लव्हाळ्यात.
मधला दानजुमा शुक्रवारचा, अबेशेच्या बाजाराबाहेर.
आणि माझी आई असाबे, शनिवारची,
निळ्या नाईलच्या काठी, कापसाच्या ओळीत,
वेचणी चालू असताना.
वार सगळ्यांना पाठ आहेत.
गावं वाटेनं ठेवून घेतली.

आजोबा टांको कात्सिनाहून निघाले तेव्हा
खांद्याला चामड्याची छागल, बगलेत लाकडी पाटी,
आणि बिनशिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी.
मक्का पूर्वेला आहे, एवढाच नकाशा.
सकाळी सूर्य डोळ्यांत, दुपारी डोक्यावर,
संध्याकाळी पाठीला लागला की थांबायचं.

पैसे संपले की पीक बघायचं.
कुणाची बाजरी कापायची, कुणाची विहीर उपसायची,
पाटीवर आयत लिहून, शाई धुऊन
ते पाणी तापानं फणफणलेल्याला पाजायचं;
बदल्यात अंडी, कधी मीठ.
जनेनाजवळ सोबतीचा एक म्हातारा गेला.
चादरी त्याला दिल्या.
पुन्हा दोन चादरींपुरतं कमवायला
दीड वर्ष गेलं.

मग जझीरा. इंग्रजांचे कालवे, कापूसच कापूस.
मुकादमानं विचारलं, किती दिवस राहणार?
आजोबा म्हणाले, एक हंगाम.

त्या शब्दावर आमचं घर उभं राहिलं,
म्हणजे राहिलंच नाही:
ज्वारीच्या ताटांच्या भिंती, वर गवत,
दर पावसाळ्यानंतर नवं.
विटा घेऊ या, आई म्हणायची.
पुढच्या वर्षी निघायचंय, विटा कशाला.
शेजारी फल्लाता म्हणत. म्हणू देत,
चार दिवसांचे शेजारी.
शेळी घेतानाही आजी आधी खूर बघायची,
हिला लांब चालवेल का.

आजोबा गेले तेव्हा चादरी तयारच होत्या.

आईला आता दिसत नाही. तिनं मला पाठवलं.
वद मदनीच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, मूळ कुठलं?
मी सांगायला लागले.
ते त्याच्या रकान्यात मावेना.
माझ्याकडे न बघता त्यानं काहीतरी लिहिलं, शिक्का मारला.
सुआकिनला पोवळ्याच्या दगडांची पडकी घरं,
धक्क्याला एक जहाज,
आणि एक रात्र.
एका रात्रीचं अंतर होतं हो ते!
मला समुद्राचा राग आला.

काब्यासमोर काय मागायचं ते घोकून नेलेलं,
सगळं विसरले.
सफा आणि मरवाच्या मध्ये मात्र पायांना ओळख पटली.
पायाखाली गार संगमरवर, वर पंखे,
आणि माझ्या टाचांना जझीराच्या भेगा.
तहानलेलं मूल खाली ठेवून पाण्यासाठी धावणारी बाई,
या टेकडीवरून त्या टेकडीवर,
कुणी येतंय का बघत,
हाजरा तिचं नाव.
मी तिला लादी म्हणाले.
चुकून. मग चूक सुधारली नाही.

माझं झाल्यावर आजोबांच्या नावानं एक उमरा केला.
हळूच म्हटलं, पोचलात.

परत आले. आता लोक हज्जा म्हणतात,
लग्नात आधी मला वाढतात.
मुलगा सानी सातशे विटा घेऊन आला.
पाया आखला, मी दोरीचं टोक धरलं.
भिंत गुडघ्याएवढी झाली, सूर्य पाठीला लागला,
गवंडी हात धुऊन गेले,
आणि मी तिथंच उभी.
उद्या उठून कुठं जायचं नाहीये,
हे पायांना कसं सांगतात?

आई गाठोडं अजून उशाशी घेऊन निजते.
चाचपडत आली, विटांना तळवा लावला,
म्हणाली, गार आहेत.
मग जरा वेळानं:
दार कुठल्या बाजूला?
पूर्वेला.
मग बरं, म्हणाली.